स्नायूंची रचना व शेतकऱ्याचे कष्ट

नांगराचा फाळ, बैलाचा खांदा, पंपाचे इंजिन यांविषयी शेतकीच्या मासिकांतून पुष्कळ मजकूर येत असतो. परंतु ज्यावाचून यांपैकी एकही जागचे हलत नाही त्या मनुष्याच्या स्नायूंविषयी लिहिलेले क्वचितच आढळते. याचे कारण उघड आहे. जे फुकट मिळाले व जे आपणहून चालते, त्याची विचारपूस मनुष्य ते बिघडेपर्यंत करीत नाही. आषाढ लागला व ठाणे जिल्ह्यातील कल्याण, अंबरनाथ, मुरबाड, शहापूर व भिवंडी या तालुक्यांत भाताची आवणी सुरू झाली, म्हणजे ही विचारपूस घरोघर आपोआप सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाठ धरते, मांड्या भरून येतात, रात्री पोटरीत गोळा येऊन मनुष्य ओरडत उठतो. तेल चोळावे, शेकावे, दोन दिवस निजून राहावे की तसेच कामास लागावे, याविषयी जितकी तोंडे तितकी मते असतात.

कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत तर आणखी एक प्रकार पाहावयास मिळतो. तेथे १९८३ साली महापालिका झाली आणि पुढील चाळीस वर्षांत बहुतेक खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. ज्यांची चार-दोन खाचरे अजून शिल्लक आहेत, त्यांच्या घरचा मुलगा आठवडाभर लोकलने मुंबईस जाऊन खुर्चीवर बसतो आणि आवणीच्या रविवारी आईबरोबर चिखलात उतरतो. सोमवारी त्या पंचविशीतल्या तरुणास जिना उतरवत नाही, आणि पन्नाशीची आई मात्र राहिलेले खाचर उरकण्यास पुन्हा गेलेली असते. असे का होते, हे स्नायूची रचना समजल्यावाचून समजावयाचे नाही. शिवाय या रचनेत एक अत्यंत नाजूक जागा आहे. फवारणीचे औषध व मण्यारीचे विष ही दोन्ही नेमकी त्याच जागी घाव घालितात. या लेखाचा मुख्य हेतू ती जागा वाचकांस दाखवून देणे हा आहे. पण तेथवर जाण्यास थोडी वाट चालावी लागेल.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. आज मराठीत ज्यास आपण स्नायू म्हणतो त्यास जुन्या वैद्यकग्रंथांत पेशी असे नाव आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मनुष्याच्या शरीरात ५०० पेशी व ९०० स्नायू सांगितले आहेत. तेथे स्नायू म्हणजे बांधणारे चिवट पट्टे. पुढे मराठीने पेशी हा शब्द शरीराच्या सूक्ष्म घटकास दिला आणि स्नायू हा शब्द मांसाच्या गोळ्यास. आम्हीही तोच अर्थ धरितो. आधुनिक गणनेप्रमाणे हाडांस जोडलेले स्नायू ६०० हून अधिक भरतात व धडधाकट पुरुषाच्या वजनाचा शेकडा चाळीसच्या आसपास भाग त्यांचाच असतो. आपल्याकडे मुले दंड आवळून जो फुगवटा दाखवितात त्यास बेटकुळी किंवा बेडकुळी म्हणतात, म्हणजे लहानसा बेडूक. युरोपातील लॅटिन भाषेत स्नायूस जो शब्द आहे त्याचा अर्थ लहानसा उंदीर. कातडीखाली काही तरी जिवंत प्राणी सरकतो आहे, असे दोन्ही लोकांस वाटले, हे मोठे गमतीचे आहे.

स्नायू तीन प्रकारचे. पहिले हाडांस जोडलेले; ते आपल्या इच्छेने चालतात. दुसरे आतडी, रक्तवाहिन्या, गर्भाशय इत्यादिकांच्या भिंतींतील. ते संथपणे, आपणांस न विचारता चालतात. तिसरा हृदयाचा. मिनिटास ७२ ठोके धरिले तर दिवसास लाखाहून अधिक ठोके पडतात, आणि ते पाडण्यास हृदयास बाहेरून हुकूम लागत नाही. मज्जातंतू त्याची गती कमीजास्त करितात, परंतु ठोका हृदयाचा स्वतःचा असतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता हाडांस जोडलेल्या स्नायूची घडण पाहू. काथ्याचा जाड दोर उलगडला तर प्रथम पीळ निघतात, पिळातून सुंभ व सुंभातून काथ्याचे धागे. स्नायूही असाच आहे. सबंध स्नायूवर पातळ चिवट आवरण असते; आत तंतूंच्या जुड्या, जुडीत तंतू. हा एकेक तंतू म्हणजे एकेक पेशी होय. जाडीने तो केसाएवढा किंवा त्याहून बारीक असतो, परंतु लांबीने काही स्नायूंत वीतभरही भरतो. त्या तंतूच्या आत पुन्हा शेकडो सूक्ष्म दोरे आहेत, व प्रत्येक दोरा लहान लहान पेरांचा बनलेला आहे. उसाच्या कांड्यास जशी पेरे तशी ही पेरे. मात्र इतकी लहान की एका मिलिमीटर लांबीत सुमारे ४०० मावतात. स्नायूच्या दोन्ही टोकांस आवरणे एकत्र होऊन पांढरी, चिवट कंडरा बनते व ती हाडास घट्ट बसते. टाचेच्या मागे बोटांनी चाचपल्यास जी ताठ दोरी लागते ती पोटरीची कंडरा.

खरे काम चालते ते या पेरात. तेथे दोन जातींचे धागे एकमेकांत शिरलेले असतात. जाड धागे मायोसिन नावाच्या प्रथिनाचे व बारीक धागे ॲक्टिनचे. स्नायू आखडतो तेव्हा हे धागे स्वतः आखडत असावेत, असे पूर्वी पुष्कळ शास्त्रज्ञ समजत. १९५४ साली इंग्लंड व अमेरिकेत काम करणाऱ्या दोन निरनिराळ्या जोड्यांनी, ज्यांत हक्सले आडनावाचे, पण एकमेकांच्या नात्यातले नसलेले, दोन गृहस्थ होते, असे दाखविले की धागे आखडत नाहीत. ते एकमेकांवरून सरकतात. हे समजण्यास विहिरीतून पोहरा शेंदणाऱ्या मनुष्याकडे पाहावे. तो एका हाताने दोर ओढितो, दुसऱ्या हाताने पुढचा दोर पकडितो, मग पहिला हात सोडून पुन्हा पुढे नेतो. दोर तसूभरही आखूड होत नाही, तरी पोहरा वर येतो. मायोसिनच्या धाग्यास असे असंख्य हात आहेत व ते ॲक्टिनचा धागा शेंदीत असतात. असंख्य पेरे एकाच वेळी थोडथोडी आखडली म्हणजे दंडाची बेटकुळी वर येते.

या हातांस लागणारी शक्ती एटीपी नावाच्या द्रव्यातून मिळते. येथे एक चमत्कारिक गोष्ट आहे. पकडलेला धागा सोडण्यासाठीच एटीपी लागते! ते संपले तर हात धाग्यास चिकटून राहतात. मेलेले जनावर काही तासांनी लाकडासारखे ताठ होते त्याचे कारण हेच. ओढण्याचा हुकूम कोणी दिलेला नसतो. सोडण्यापुरते भांडवल उरलेले नसते, इतकेच.

वरील वर्णनावरून एक गोष्ट वाचकांच्या लक्षात आलीच असेल. स्नायूस केवळ ओढता येते, ढकलता येत नाही. गाडी ढकलणाऱ्या मनुष्याचे स्नायूही आत कोठे तरी हाड ओढीतच असतात. म्हणून प्रत्येक सांध्यास निदान दोन स्नायूंची जोडी लागते. दंडाच्या पुढचा स्नायू कोपर मिटवितो व मागचा ते उघडितो. एक ओढीत असता दुसऱ्याने सैल पडावयाचे. नवशिक्याच्या हाती विळा दिला म्हणजे तो लवकर थकतो याचे एक कारण असे की, त्याचे दोन्ही स्नायू एकमेकांविरुद्ध ओढीत राहतात. अनुभवी कापणारणीचा हात हलका दिसतो, कारण जो स्नायू नको तो ती खरोखरच सैल सोडिते.

आता पहारीचा हिशेब करू. पहारीने धोंडा उलथताना आपण टेकू धोंड्याजवळ ठेवून लांब टोकावर जोर देतो. थोड्या जोराने मोठे काम होते. शरीरात नेमके उलट आहे. दंडाचा स्नायू कोपराच्या सांध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरांवर हाडास जोडलेला असतो, आणि बादली धरणारा पंजा सुमारे ३५ सेंटिमीटरांवर. म्हणजे १० किलोची बादली हाताचे कोपर काटकोनात ठेवून धरिली असता स्नायूस ७० किलोची ओढ सोसावी लागते. हा तोट्याचा व्यवहार शरीराने का पत्करिला? कारण स्नायू एक सेंटिमीटर आखडला की पंजा सात सेंटिमीटर हलतो. जोर गमावून वेग मिळविला आहे. झोडणीत पेंढी डोक्यावरून आणून आपटण्याचा जो झपाटा असतो तो या सौद्यामुळेच शक्य होतो.

हाच हिशेब पाठीस लाविला म्हणजे आवणीचे दुखणे समजते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस उभे, लांब स्नायू आहेत. त्यांचे कण्यापासूनचे अंतर सुमारे ५ सेंटिमीटर. ५५ किलो वजनाच्या बाईचे डोके, हात व धड मिळून ३० किलो धरू. ती वाकली म्हणजे या भाराचा मध्य कमरेपासून पाव मीटर तरी पुढे जातो. म्हणजे पाठीच्या स्नायूंवर पाचपट, दीडशे किलोंची ओढ येते, आणि तिच्या हातात तर आवणाच्या एका मुठीवाचून काही नाही. जड उचलल्याने पाठ जाते हे सर्वांस ठाऊक आहे. काहीही न उचलता केवळ वाकून राहण्याचा भार एवढा असतो, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

एवढ्यावर हे संपत नाही. मनुष्य अगदी खाली, पुरता वाकला की पाठीचे स्नायू काम सोडून देतात व सारा भार कण्याच्या अस्थिबंधांवर पडतो. त्यामुळे प्रथम बरे वाटते. परंतु अस्थिबंध फार वेळ ताणून राहिले म्हणजे जुन्या सुंभासारखे सैल होतात व पूर्ववत होण्यास त्यांस पुष्कळ वेळ लागतो. अशा स्थितीत एकदम उठून कोणी आवणाचा भिजलेला भारा उचलला तर कणा सावरण्याचे सगळे काम अर्धवट जाग्या झालेल्या स्नायूंवर येते, आणि उसण भरते ती त्या क्षणी. म्हणून आमची सूचना अशी की, दर पंधरा-वीस मिनिटांनी उभे राहून कंबर मागे झुकवावी. आणि वाकून काम करणाऱ्यानेच लगेच भारे वाहू नयेत, ते काम दुसऱ्यास द्यावे. डावे कोपर गुडघ्यावर टेकून लावणी करणारी बाई आळशी नसते. ती धडाचा काही भार मांडीवर उतरवीत असते. तिला बांधावरून कोणी हटकू नये. आमचे मत विचाराल तर, ज्या पद्धतीत आवणीच करावी लागत नाही ती पद्धत पाठीस सर्वांत उत्तम. नेरळच्या सगुणा बागेतील श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी प्रचारात आणिलेल्या सगुणा भात तंत्रात गादीवाफ्यांवर साच्याने खुणा करून बी टोकितात. चिखळणी व आवणी दोन्ही वाचतात. तिच्या उत्पन्नाविषयी आमच्या वाचकांत मतभेद असतील, ते असोत. कमरेच्या बाजूने तिला आमचा कौल आहे.

आता त्या डोंबिवलीच्या तरुणाकडे वळू. मांड्या दुखतात त्या आत आम्ल साचल्यामुळे, अशी समजूत सुशिक्षितांतही आहे. ती खरी नाही. जोराच्या कामात जे द्रव्य तयार होते ते एक-दोन तासांतच रक्तातून निघून जाते, आणि दुखणे तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऐन भरास येते. खरे कारण असे की, स्नायू आखडण्याचा प्रयत्न करीत असता बाहेरच्या भाराने तो लांबविला गेला तर त्याच्या पेरांची बारीक मोडतोड होते. कल्याणच्या दक्षिणेस मलंगगड आहे. तो चढताना दम लागतो, परंतु दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. कारण प्रत्येक पायरीस मांडीचा पुढचा स्नायू शरीराचा भार सावरीत सावरीत लांबत असतो. चिखलात पाय रोवून वाकणे व मागे सरणे यांतही असेच होते. ही मोडतोड घातक नव्हे. तंतूंच्या कडेस काही राखीव पेशी असतात, त्या जाग्या होऊन डागडुजी करितात, आणि दुरुस्त झालेला तंतू पुढल्या वेळेस तितका मोडत नाही. आईच्या मांड्या दरसाल असे धडे घेत आलेल्या आहेत. मुलाचा हा पहिला धडा. त्याने निजून न राहता हलके चालावे. पुढल्या वर्षी आवणीपूर्वी तीन-चार आठवडे रोज थोड्या बैठका काढिल्या तर सोमवार इतका जड जाणार नाही. मात्र अतिश्रमानंतर लघवी चहासारखी काळपट होऊ लागली तर तो साधा अंगदुखीचा प्रकार समजू नये. फार मोडलेल्या तंतूंतील द्रव्य मूत्रपिंडात अडकू लागल्याची ती खूण असते, व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

स्नायूच्या इंधनाविषयी थोडक्यात सांगतो. तंतूत तयार असलेले एटीपी काही सेकंदच पुरते. मग साठविलेली साखर व चरबी प्राणवायूच्या साहाय्याने जाळून ते पुन्हा तयार करावे लागते. काही तंतू हे काम सावकाश पण दिवसभर करू शकतात. ते तांबडे असतात. काही झटक्यात जोर करून लवकर थकतात, ते फिक्कट. कोंबडीच्या तंगडीचे मांस काळसर व छातीचे पांढरे का, याचे उत्तर यात आहे. ती दिवसभर चालते, उडते मात्र क्वचित. मनुष्याच्या स्नायूंत दोन्ही जाती मिसळलेल्या असतात. जळलेल्या इंधनापैकी सुमारे चौथा हिस्सा कामी येतो व बाकीचा उष्णता होऊन बाहेर पडतो. या बाबतीत आपण पंपाच्या इंजिनाहून फारसे निराळे नाही. ती उष्णता घाम वाळण्याने जाते. परंतु खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. त्यामुळे देशावरच्या कोरड्या उन्हापेक्षा येथले कमी भासणारे ऊन कष्टकऱ्यास अधिक धोक्याचे ठरू शकते. वैशाखातील बांधबंदिस्ती व आश्विनातील कापणी ही कामे सकाळी लवकर उरकावीत. घामावाटे मीठ जाते, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेली पेज केव्हाही बरी.

स्नायूंची डागडुजी प्रथिनांवाचून होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे प्रमाण सांगितले त्याप्रमाणे वजनाच्या दर किलोस दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलोंच्या मनुष्यास सुमारे ४६ ग्रॅम. तांदळात शेकडा सातआठ भागच प्रथिने असतात, आणि त्यांतही लायसीन नावाचा एक घटक तोकडा पडतो. तो घटक कडधान्यांत भरपूर आहे. भात काढल्यावर त्याच खाचरात उरल्या ओलीवर वाल टाकण्याची आपल्या भागातील वहिवाट जमिनीस जशी हितकर तशीच ती खाणाऱ्याच्या दंडासही आहे, कारण वालात शेकडा वीसहून अधिक प्रथिने असतात. सुकट व बोंबील खाणाऱ्यांस तर ही विवंचनाच नको. वाल सगळे बाजारास नेऊन घरात नुसता भात शिजविणे हा व्यवहार आम्हांस तोट्याचा वाटतो.

चाळिशीच्या सुमारास स्नायू आपोआप झडू लागतात. दर दहा वर्षांस शेकडा तीन ते आठ भाग कमी होतो व साठीनंतर वेग वाढतो. शेत विकून फ्लॅटमध्ये राहावयास गेलेल्या म्हाताऱ्यांची शक्ती दोन वर्षांत ओसरलेली आपण पाहतो. लोक म्हणतात, त्यास शहराची हवा मानवली नाही. हवेचा दोष थोडा, बसून राहण्याचा फार. १९९० साली अमेरिकेत बोस्टन येथे नव्वदीच्या घरातील वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलविली, तेव्हा त्यांच्या मांड्यांची शक्ती दुपटीहून अधिक झाली. आजोबांच्या हातून पाण्याची कळशी काढून घेणारा नातू प्रेमाने तसे करितो खरा, परंतु त्यात त्यांचे हित नाही.

आता त्या नाजूक जागेकडे येऊ. स्नायू आपणहून काही करीत नाही. त्यास मेंदूचा हुकूम लागतो व तो मज्जातंतूतून येतो. इटलीतील बोलोन्या येथील गॅल्वानी याने १७९१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेलेल्या बेडकाचे पाय विजेने झटका देतात असे त्यास दिसले होते. हुकूम विजेसारखा धावतो हे यावरून समजले. परंतु मज्जातंतूचे टोक स्नायूच्या तंतूस भिडलेले नसते. मध्ये अतिसूक्ष्म फट असते, आणि ती ओलांडण्याचे काम वीज करीत नाही. टोकातून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते, ते पलीकडे जाऊन स्नायूच्या कुलपात किल्लीसारखे बसते, आणि मग स्नायू आखडतो. लगेच फटीतील दुसरे एक द्रव्य त्या किल्लीचे तुकडे करिते, म्हणजे स्नायू सैल पडतो व पुढच्या हुकुमास मोकळा होतो. हा सारा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या काही भागांत उरकतो. डोळ्याच्या स्नायूंत एक मज्जातंतू दहाबारा तंतूंनाच हुकूम देतो म्हणून नजर अचूक फिरते. पोटरीत एकाच्या ताब्यात हजाराहून अधिक तंतू असतात. छातीखालचा जो पडदा श्वास ओढितो तोही याच जातीचा, हुकमाचा ताबेदार स्नायू आहे. झोपेतही त्यास प्रत्येक श्वासाचा हुकूम मेंदूकडून यावा लागतो.

क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस इत्यादी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके किल्ली मोडणारे ते दुसरे द्रव्य निकामी करितात. किड्याच्या मज्जासंस्थेत ते जसे घडते तसेच मनुष्यातही घडते. जर्मनीत श्रेडर नावाचा रसायनज्ञ असलीच कीटकनाशके शोधीत असता १९३६ साली टाबून हा युद्धातील विषारी वायू त्याच्या हाती लागला. दोन्ही द्रव्ये एकाच घराण्यातील आहेत. किल्ली कुलपात अडकून पडली म्हणजे स्नायू प्रथम कातडीखाली फडफडतात, लाळ व घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. मग स्नायू लुळे पडून श्वास थांबतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी व मजूर आजारी पडले आणि सुमारे वीस दगावले. तेथे यांबरोबर इतर औषधांची मिश्रणेही वापरली गेली होती, तेव्हा सगळा दोष एका जातीस देता येत नाही. परंतु अंगावर पडलेले औषध कातडीवाटे आत जाते ही गोष्ट त्या वर्षी महाराष्ट्रास कळली. भातावरील तुडतुडे व खोडकिडा यांसाठी आपल्याकडेही पाठीवरचे पंप निघतात. गळक्या पंपाने पाठ भिजली व वर घाम आला असेल तर विष दुप्पट सोयीने आत शिरते. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये, पंप गळत असेल तर त्या दिवशी फवारणीच करू नये, आणि कपडे भिजताच ते उतरवून साबणाने अंग धुवावे. रोगी दवाखान्यात नेताना औषधाची बाटली बरोबर न्यावी. ॲट्रोपीनचे इंजेक्शन लाळ, घाम व छातीतील कफ आटोक्यात आणते, परंतु लुळे पडलेले स्नायू त्याने उठत नाहीत. म्हणून श्वासाचे यंत्र जेथे आहे अशा रुग्णालयात पोहोचणे अगत्याचे असते.

दुसरा शत्रू मण्यार. पावसाळ्यात ती उंदरांच्या मागे घरात शिरते व जमिनीवर निजलेल्या मनुष्यास रात्री चावते. दंश पुष्कळदा दुखत नाही, सूज नसते, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, गिळवत नाही, शब्द जड होतात, आणि मग श्वास. नागाचे विष स्नायूचे कुलूप अडविते. मण्यारीचे मज्जातंतूचे टोकच उद्ध्वस्त करिते, म्हणजे किल्ली सोडणाराच उरत नाही. पावसाळ्यात पहाटे उठलेल्या मनुष्याच्या पापण्या जड झाल्या व पोटात दुखू लागले तर वारा लागला, अपचन झाले असे म्हणून वेळ दवडू नये. ज्या अवयवास दंश झाला असेल तो कामट्या बांधून स्थिर ठेवावा व रोग्यास उचलूनच न्यावे. चालविल्यास पायाचे स्नायू दर पावलागणिक पिचकारीसारखे विष पुढे ढकलितात. आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांनी हानीच होते. घोड्यांच्या रक्तापासून तयार केलेली लस आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांवर चालते, आणि मुंबईच्या परळ येथील हाफकिन संस्थेचे नाव या कामी जुने आहे. मात्र टोके एकदा मोडल्यावर लसीचा उपयोग थोडा, म्हणून तासन् तास मांत्रिकाकडे जाऊ देऊ नयेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

अशा रोग्याचे डोळे उघडत नाहीत, हात हलत नाहीत, हाक मारली असता उत्तर येत नाही, आणि घरचे लोक रडू लागतात. परंतु वर सांगितल्याप्रमाणे हृदयास मज्जातंतूचा हुकूम लागत नाही; ते चालूच असते, आणि पुष्कळदा रोग्यास सगळे ऐकू येत असते. केवळ हुकमाचे स्नायू थांबलेले असतात, व त्यांत श्वासाचा पडदा एक. वाटेत श्वास बंद पडला तर तोंडाने तोंडात हवा भरीत राहावे, व रुग्णालयात यंत्राने श्वास चालू ठेवितात. मज्जातंतूंस नवी टोके फुटण्यास काही दिवस, क्वचित काही आठवडे लागतात. तितके दिवस छाती यंत्राने हलती ठेविली तर मनुष्य पुन्हा स्वतःच्या श्वासाने उठून बसतो. दंश किती वाजता झाला व पापण्या केव्हा जड झाल्या, एवढे डॉक्टरांस नेमके सांगावे. साप मारून बरोबर नेण्याची गरज नाही.